खालचा नळ

गेल्या गुरुवारी मी लातूरच्या आमच्या जुन्या घरमालकांना फोन केला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, कसं हाय?" ते म्हणाले, "बरं हाय." मग काकूंनी लिंबाचं लोणचं घातलंय, आलीस तर घेऊन जा, असं काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. मीही ठेवला. वॉर्डात गेले, दोन सलाईन बदलल्या, आणि तिसऱ्या पेशंटचं बीपी घेताना दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता मध्येच थांबले. काका 'बरं हाय' म्हणाले होते.

यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. अख्खा मराठवाडा दिवसातून शंभरदा 'बरं हाय' म्हणतो. पण हा माणूस म्हणत नाही. मी त्यांच्याकडे दोन वर्षं भाड्याने राहिले, त्यानंतर सात वर्षं पंधरा-वीस दिवसांनी फोन करते आहे, आणि एवढ्या काळात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. दुसऱ्या कुणी म्हटले तर ते चालवून घेत नसत. फोनवर 'कसं हाय' विचारलं की त्यांचं उत्तर पाच मिनिटं चालायचं, त्यात डाव्या पायाच्या करंगळीपासून कालच्या स्वप्नापर्यंत सगळं यायचं, आणि मी फोन कानाला लावून तोवर डबा धुऊन घ्यायचे.

रविवारी माझी सुट्टी होती. सकाळीच नांदेडहून लातूरची बस धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, शेजारच्या बाईने पेरू दिला तो हातातच राहिला. डोक्यात एकच होतं, या माणसाला झालंय तरी काय?

काकांनी आयुष्यभर निलंग्याकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलर सांभाळला. निवृत्त झाल्यावर लातुरात घर बांधलं. खाली ती दोघं नवरा-बायको, वर तीन खोल्या. त्यात क्लाससाठी गावोगावहून आलेल्या आम्ही सहा पोरी. आमची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत, कोण कुठून आली तेवढं त्यांना पुरायचं. मी भोकर. माझ्या खोलीतली हदगाव. जिन्यावरून कुणी धावत उतरलं की खालून हाक यायची, "ए देगलूर, हळू." आणि देगलूर चप्पल काढून हातात घ्यायची.

माणूस उंच, वाळका. वर्षानुवर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून चेहऱ्याची कातडी काळवंडलेली, आणि भुवया जवळजवळ नव्हत्याच. काकू सांगायच्या, लग्नात होत्या.

फाटकाच्या आत एक लोखंडी स्टूल होतं. आम्ही क्लासला निघायच्या वेळी काका त्यावर बसलेले असायचे आणि त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर पडता यायचं नाही.

"कसं हाय?"

"बरं हाय काका."

"ते चालत न्हाई. झोप? पोट? मन?"

या तीन गोष्टी सांगाव्या लागत. झोप झाली म्हणून भागायचं नाही, कशी झाली, मध्ये उठलीस का, उठलीस तर कशाने, हे सांगायचं. पहिल्या आठवड्यात आम्हाला ते अजिबात आवडलं नाही. घरमालकाने भाडेकरू पोरींना रोज पोटाबद्दल विचारावं हे काय झालं? हदगाव तर खोली बदलायच्या गोष्टी करायला लागली. मग आमच्या लक्षात आलं की ते दूधवाल्यालाही हेच विचारतात. गॅसवाल्या भाऊंना तर खांद्यावर भरलेली टाकी असताना झोप, पोट आणि मन या तिन्हींचा हिशेब द्यावा लागला होता, कारण तोवर फाटकाची कडी निघत नव्हती. भाऊ म्हणाले, पोटात जळजळ हाय. काकांनी टाकी खाली ठेवून घेतली, त्यांना ताक पाजलं आणि मगच पुढच्या घरी जाऊ दिलं. नंतर भाऊ आमच्या गल्लीत आले की सगळ्यांत आधी आमच्याकडे यायचे. भाजीवाली मात्र वळसा घालून मागच्या गल्लीने जायची.

उलटा प्रश्न त्यांना विचारला तर आणखी पंचाईत. एकदा शेजारच्या मुलीच्या लग्नात आम्ही ताटं घेऊन पंगतीची वाट बघत उभे होतो. नवरदेवाचे काका हात जोडून म्हणाले, "काय, कसे आहात?" आमच्या काकांनी ताट काकूंच्या हातात दिलं आणि डोळे मिटले. त्यांची पद्धतच ती. पायाच्या बोटांपासून सुरू करायचं आणि हळूहळू वर यायचं. नवरदेवाचे काका हात जोडलेले तसेच उभे. पोटऱ्या झाल्या, गुडघे झाले, कंबर झाली. छातीपर्यंत येईस्तोवर मागच्या दोन पंगती उठल्या. शेवटी डोळे उघडून काका म्हणाले, "बाकी ठीक हाय, पन सकाळपासून कशाची तरी धास्ती वाटून राहिली. कशाची ते कळंना." नवरदेवाचे काका पाहुण्यांची विचारपूस करून थकलेले होते. ते एकदम म्हणाले, "मला बी वाटून राहिलीय." आणि ते दोघं मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून अर्धा तास बोलत बसले. वरमाय त्यांना शोधत फिरत होती.

काकूंना हे सगळं पाठ झालेलं होतं. "ह्यांचं आपलं हेच," एवढंच त्या म्हणायच्या. काकांनी त्यांना विचारलं, कसं हाय, तर त्या म्हणायच्या, "भांडी घासून राहिले, दिसंना का?" काकांचं त्यावर समाधान व्हायचं. ते म्हणायचे, हिच्या आवाजातच सगळं कळतं, हिला वेगळं विचारायची गरज न्हाई.

मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो एका मयतीच्या घरी. गल्लीतल्या एका मास्तरांची बायको गेली होती. तिसरा दिवस होता. काकूंबरोबर आम्ही दोघी-तिघी गेलो होतो. मास्तर भिंतीला टेकून बसलेले, येणारा प्रत्येक जण त्यांच्या पायाशी बसून 'धीर धरा' म्हणत होता आणि ते मान हलवत होते. मागून काका आले, समोर मांडी घालून बसले आणि विचारलं, "मास्तर, कसं हाय?" मला वाटलं, आता हा माणूस झोप-पोट-मन विचारतो की काय, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. मास्तर भिंत सोडून पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "मला लई भूक लागलीय. पन कुनाला सांगावं कळंना." खोलीतल्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. बायको जाऊन तीन दिवस नाही झाले आणि याला भूक? काका उठले, घरी आले, काकूंनी केलेल्या दोन भाकरी आणि पिठलं घेऊन परत गेले आणि मास्तर जेवेपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहिले. जेवता जेवता मास्तर पहिल्यांदा रडले. त्याआधी रडलेच नव्हते म्हणे.

रडण्याबद्दल काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. बॉयलरवर एक झडप असते, आत दाब फार वाढला की ती आपोआप उघडते आणि वाफ बाहेर जाते. तिला ते 'सेफ्टी' म्हणायचे. परीक्षेच्या दिवसांत आमच्यातलं कुणी ना कुणी रोज रडायचं. काका जिन्याखालून ऐकायचे आणि काकूंना म्हणायचे, "सेफ्टी उडाली की भ्यायचं न्हाई. उडायच्या टायमाला उडंना झाली, तवा भ्यायचं."

माझी उडत नव्हती.

ते माझं दुसरं वर्ष होतं. पहिल्या वेळी डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून पुन्हा बसले होते. पप्पा भोकरला एका कार्यालयात शिपाई. आमच्या बुद्धविहारामागच्या गल्लीत दोघं मास्तर झाले होते, एक तलाठी झाला होता, डॉक्टर कुणी झालेलं नव्हतं. मी पुन्हा परीक्षेला बसले तेव्हाच विहारातली म्हातारी माणसं पप्पांना 'डॉक्टरचे पप्पा' म्हणायला लागली होती. आणि लातुरात माझे सराव परीक्षेतले मार्क दर आठवड्याला खाली येत होते. तेच पान चार-चारदा वाचायचे आणि पान उलटलं की काही आठवायचं नाही. रात्री झोप लागायची नाही. केस विंचरले की फणीत गुंता यायचा. रोज संध्याकाळी पप्पांचा फोन आला की मी म्हणायचे, बरं हाय पप्पा. ते म्हणायचे, इकडं बी बरं हाय. दोन मिनिटांत फोन संपायचा.

काकांनाही मी फसवायला शिकले होते. "झोप बरी लागली, एकदा पाणी प्यायला उठले. पोट ठीक. मन जरा कंटाळलंय." अशी ठीकठाक वाटणारी उत्तरं मी जिना उतरताना जुळवून ठेवायचे. मन ठीक म्हटलं तर ते खोदतील, म्हणून थोडा कंटाळा घालायचे. मला वाटत होतं, त्यांना पटतंय.

एके दिवशी सकाळी मी उतरले तर काका स्टुलावर नव्हते. दारातल्या खिळ्याला एक हातभर लांबीची जाड काचेची नळी फडक्यात गुंडाळून टांगलेली असायची. तिला कुणी हात लावायचा नाही, काकूंनीसुद्धा नाही. त्या दिवशी काका ती नळी आडवी धरून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. दोन्ही टोकांवर अंगठे दाबलेले.

"भोकर, तिथूनच सांग. ही भरलेली हाय का रिकामी?"

मी पाहिलं. स्वच्छ काच, पलीकडची भिंत दिसत होती.

"रिकामी."

त्यांनी नळी उभी केली आणि खालचा आणि वरचा अंगठा एकदम काढला. भस्सकन पाणी फरशीवर पडलं.

"बॉयलरच्या अंगाला ही काच असती," ते म्हणाले. "आत पानी किती हाय ते हिच्यावरून बघायचं. पानी अर्ध्यावर असलं की रेघ दिसती. रेघ दिसंना झाली, तर दोनच गोष्टी. एक तर काच गच्च भरलीय, न्हाईतर पार रिकामी झालीय. नुसतं बघून दोन्ही सारखंच. खालचा नळ सोडून बघितल्याबिगर कळत न्हाई."

मी म्हटलं, कळलं काका, आणि निघाले.

ते म्हणाले, "तुझी रेघ मला दोन महिने झाले दिसंना."

मी फाटकाची कडी काढली होती. ती तशीच हातात धरून मी रडायला लागले, आणि इतकी रडले की स्टुलावर बसावं लागलं. काका जवळ आले नाहीत, डोक्यावर हात ठेवला नाही, काय झालं असंही विचारलं नाही. त्यांनी फक्त घरात तोंड करून सांगितलं, "सेफ्टी उडाली गं, चहा टाक." रडता रडता मला हसू आलं आणि हसताना आणखी रडू आलं. मला वाटत होतं की आता ते पप्पांना फोन करतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो करावा असंच मला वाटत होतं. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"खालचा नळ ज्याचा त्यानं सोडायचा असतो, माय. दुसऱ्यानं सोडला की भाजतं."

मग ती नळी पुसता पुसता त्यांनी सांगितलं, अशीच काच बघून एकदा पाळी बदलताना एक माणूस दुसऱ्याला 'बरं हाय' म्हणाला होता. त्या दुसऱ्याचा हात गेला. मी विचारलं, मग? ते म्हणाले, "मग काय. साकु." पुरे झालं म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडात हा सीमेकडचा कानडी शब्द यायचा आणि त्यापुढे विचारायची सोय नसायची. मी आपलं मनाशी धरलं की तो कुणीतरी निष्काळजी कामगार असणार आणि काकांचा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. त्यांच्या स्टुलाचं आणि झोप-पोट-मनाचं मूळ मला सापडलं असं वाटून मी खूशही झाले.

त्या दिवशी क्लासला गेले नाही. पप्पांना फोन केला आणि म्हटलं, पप्पा, मला हे जमून नाही राहिलं.   मग पप्पा बोलायला लागले. ते ओरडले नाहीत. त्यांनी सांगितलं की तीन महिन्यांपूर्वी ते कार्यालयाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडले होते, बीपीच्या गोळ्या सुरू होत्या, आणि तुझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून आईला ताकीद दिली होती. म्हणजे रोज संध्याकाळी आम्ही दोघं बापलेक फोनवर एकमेकांना बरं हाय, बरं हाय सांगत होतो आणि दोन्हीकडे रेघ दिसत नव्हती. त्या दिवशी आमचा फोन तासभर चालला. पप्पांशी इतकं मी आधी कधी बोललेच नव्हते.

मी नर्सिंगला गेले. विहारातल्या म्हाताऱ्यांनी थोडे दिवस वाईट वाटून घेतलं. आता मी भोकरला गेले की त्यातले निम्मे बीपी मोजायला माझ्याकडेच येतात. दवाखान्यात दिवसभर मी लोकांना विचारते, कसं वाटतंय, आणि सगळे म्हणतात, बरं हाय, कारण सगळ्यांना घरी जायचं असतं. मी खाटेशेजारी बसते आणि विचारते, झोप? पोट? मन? नव्या मुली मला हसतात. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

चाकूर गेल्यावर मी शक्यता मोजायला लागले. छातीत दुखतं आणि काकूंपासून लपवलंय. तपासणीत काहीतरी निघालंय. की नुसतंच थकले असतील, पायाच्या बोटांपासून वर यायचं त्राण राहिलं नसेल? मी दवाखान्यात काम करते, त्यामुळे शक्यतांना तोटा नव्हता. लातूरच्या स्टँडवर रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, जरा लवकर.

फाटक उघडं होतं. स्टूल रिकामं. दारातल्या खिळ्यावर काचेची नळी नव्हती. मी चपला न काढताच काकूंना हाक मारली.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आलीस व्हय? ते गच्चीवर हाईत, टाकी धुऊन राहिलेत. सांगितलं न्हाईस येनार म्हनून?"

काका जिन्यावरून उतरले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात ब्रश. मला बघून खूश झाले. मला मात्र राग आला. साडेतीन तासांची सगळी काळजी एकदम रागात निघाली. मी त्यांना म्हटलं, बसा. ते स्टुलावर बसले. मी म्हटलं, डोळे मिटा आणि पायापासून सांगा, मला 'बरं हाय' चालत नाही.

काकांनी मुकाट्याने डोळे मिटले. उजव्या टाचेला भेग. डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. साखर थोडी वाढलीय, गोळी चालू आहे, चिठ्ठी आत आहे, बघून घे. कंबर ठीक. पोट ठीक. छातीत काही नाही, श्वास चांगला चाललाय. झोप रात्रभर सलग. मी नाडी धरून बसले होते, ती एकसारखी चालली होती.

"मन?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "तेच तुला सांगायचं व्हतं. फोनवर सांगन्यासारखं न्हवतं."

मग त्यांनी ती गोष्ट पूर्ण सांगितली. हंगामाचे शेवटचे दिवस होते. काकांनी सलग दोन पाळ्या केल्या होत्या आणि घरी जायची घाई होती. काचेत रेघ दिसत नव्हती. पाण्याचा पंप तर चालू आहे, म्हणजे काच भरलेलीच असणार, असं त्यांनी धरलं. खालचा नळ सोडून पाहिला नाही. पुढच्या पाळीचा जोडीदार आला. तो उदगीरचा, दोघं एका ताटात जेवणारे. त्याने विचारलं, कैसा है? आणि काकांनी सांगितलं, बरं हाय. पंप चालू होता, पण पाणी चढत नव्हतं, काच रिकामी होती. काका सायकल घेऊन कारखान्याच्या दारापर्यंत पोचले तेव्हा मागे आवाज झाला. पाण्याविना तापून बॉयलरच्या आतली लोखंडी नळी फुटली होती आणि भट्टीच्या तोंडातून वाफ बाहेर आली होती. जोडीदाराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजून कायमचा निकामी झाला.

"बरं हाय म्हननारा मीच व्हतो, भोकर."

 एवढी वर्षं मी त्या निष्काळजी माणसाला मनात शिव्या दिल्या होत्या.

"चौकशी झाली," ते म्हणाले. "पंप खराब व्हता, असं निघालं. जोडीदारानं माझं नावच घेतलं न्हाई. अन् मला त्या दिशी अंगात ताप व्हता. सनकून ताप. ते मला तिसऱ्या दिशी दवाखान्यात कळलं. ज्याला सवताचा ताप कळंना, त्यानं बॉयलर बरं हाय म्हनून सांगितलं."

त्यानंतर जोडीदार काम सोडून उदगीरला गेला. तीस वर्षं झाली. काका त्याच्याकडे गेले नाहीत. दूधवाल्याला विचारलं, गॅसवाल्याला विचारलं, पोरींच्या सहा-सात पिढ्यांना विचारलं, त्या एका माणसाला विचारलं नाही. काकूंना सगळं ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात एका नव्या पोरीला काका फाटकात अडवून बसले होते, तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "साऱ्या गावाला विचारता. उदगीरला कवा विचारनार?" दुसऱ्या दिवशी काकांनी ती काचेची नळी फडक्यात गुंडाळली आणि उदगीरची बस धरली. ती त्या दिवशीचीच काच होती. ती त्यांनी ठेवून घेतली होती, हे मला तेव्हा कळलं.

जोडीदार दारातच खाटेवर बसलेला होता. त्याने एका नजरेत ओळखलं.

"म्हनला, लातूर से उदगीर आने कू तीस साल लगे क्या रे?"

काकांनी विचारलं, कसं हाय? जोडीदार दोन तास बोलला. हात हिवाळ्यात ओढतो. शर्टाची बटणं सून लावून देते, पहिल्यांदा लाज वाटायची, आता दोघं गप्पा मारतात. त्याने काहीच राखून ठेवलं नाही, काकांना ऐकताना मान वर करवत नव्हती, पण ते उठले नाहीत. मग त्याने विचारलं, तेरा क्या हाल है? आणि काकांनी त्याला ताप सांगितला. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितला, काकू सोडून. निघताना त्यांनी काच पुढे केली. त्याने डाव्या हाताने घेतली, आडवी धरून पाहिली आणि म्हणाला, "रहने दे मेरे पास. तू बहोत दिन संभाला."

काका खिळ्याकडे पाहत होते. "बुधवारी आलो. गुरुवारी तुझा फोन आला. तू विचारलंस, कसं हाय. मी रोजच्यासारखं पायापासून बघाया लागलो. वरपतूर गेलो, काई सापडंना. कायतरी असंलच म्हनून परत बघितलं. काई न्हाई. मग काय सांगू? म्हनलं, बरं हाय."

काच रेघ दाखवत नसेल तर ती रिकामी असते, असंच मी धरून चालले होते. सबंध रस्ताभर ती भरलेली असू शकते हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. ज्या माणसाने मला दोन्ही शक्यता शिकवल्या, त्याच्याबाबतीतच मी एक विसरले. मला फार बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

मी त्यांना विचारलं, मग आता स्टूल आत नेऊन ठेवणार का? त्यांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, का बरं, वरच्या दोन खोल्यांत नव्या पोरी आल्यात, एक किनवट अन् एक मुखेड, अन् किनवटची रेघ काई मला दिसंना. मग त्यांनी ब्रश खाली ठेवला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुझं सांग, भोकर. कसं हाय?"

जिना उतरताना जुळवायचे तसं काहीतरी मी जुळवायला लागले, आणि सोडून दिलं.

"काका, सकाळपासून मी काहीच खाल्लं नाही," मी म्हटलं. "मला लई भूक लागलीय."

त्यांनी घरात तोंड करून काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, भाकरी कवाच थापाया घेतल्यात, हात धुऊन या दोघं.